भरती किती वाजता?

दोस्तांनो, मुंबईत राहत असाल किंवा सुट्टीत मुंबईला मामाकडे येणार असाल, तर एक गंमत जरूर करून बघा. माहीमहून वांद्र्याला जाताना एक पूल लागतो. खाली पाणी दिसतं. वास येतो, हे मान्य! पण क्षणभर नाक मुरडणं बाजूला ठेवा आणि पाण्यावर तरंगणारा कचरा कुठल्या दिशेला चाललाय ते पाहा. एखाद्या सकाळी तो समुद्राकडे जाताना दिसेल. त्याच दिवशी दुपारी परत येताना पाहिलंत, तर तोच कचरा उलटा, म्हणजे समुद्राकडून शहराकडे चाललेला दिसेल.

नदी कधी उलटी वाहते का? ही नदी वाहते! तेही दिवसातून दोनदा.

ही आहे मुंबईची मिठी नदी. 'अहो, तो तर नाला आहे,' असं कोणी म्हणालं, तर त्यांना नम्रपणे सांगा की तो नाला नाही. आपण तिचा नाला केला, ती गोष्ट वेगळी.

मिठी काही गंगा-गोदावरीसारखी मोठी नाही. तिची लांबी जेमतेम अठरा किलोमीटर. मुंबईच्या उत्तरेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत विहार तलाव आहे. मुंबईला नळाचं पाणी मिळावं म्हणून १८६० च्या सुमारास तो बांधला गेला. पावसाळ्यात विहार भरून वाहू लागला की ते पाणी मिठीत येतं. थोडं पुढे पवई तलावाचं जादा पाणीही तिला मिळतं. मग ती साकीनाका, विमानतळ, कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी असा प्रवास करत माहीमच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. वरच्या भागात तिला डोंगराचा उतार आहे, त्यामुळे पाणी धावत खाली येतं. कुर्ल्याच्या पुढे मात्र जमीन जवळजवळ सपाट. तिथे पाण्याची धाव मंदावते. आणि नेमका याच सपाट भागात समोरून समुद्र आत शिरतो!

आता हा समुद्र आत का आणि कधी शिरतो, ते पाहू.

पाऊणकीची करामत

चंद्राच्या आणि सूर्याच्या ओढीमुळे समुद्राचं पाणी चढतं-उतरतं, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. मुंबईला साधारण साडेबारा तासांनी एक भरती येते, म्हणजे दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास चंद्र-सूर्य एका रेषेत येऊन ओढतात. तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली उतरतं. हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, तेव्हा चढउतार कमी होतो. त्याला कोळी लोक भांग म्हणतात.

भरतीची वेळ रोज बदलते. मग ती ओळखायची कशी? आज छापील कोष्टकं मिळतात, मोबाइलवरही बघता येतं. पण आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना आणि तांडेलांना यातलं काहीच लागत नसे. त्यांचा हिशेब एका ओळीत संपायचा. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जे उत्तर येईल, तितक्या वाजता पूर्ण भरती.

तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांनी शाळेत 'पाऊणकी' पाठ केलेली असेल. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी असे पाढे असायचे तेव्हा. ती पाऊणकी इथे उपयोगी पडते. आज चतुर्थी असेल, तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि तशीच पहाटेही एक. अष्टमी असेल, तर आठाची पाऊणपट सहा. सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मग ती तिथी शुक्ल पक्षातली असो की कृष्ण पक्षातली.

हा हिशेब ढोबळ आहे बरं का! तुमच्यातल्या गणितप्रेमींच्या लक्षात येईल की चांद्रमासातल्या तीस तिथींत भरतीची वेळ पुढे पुढे सरकत चोवीस तासांचा फेरा पूर्ण करते. म्हणजे एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. पौर्णिमेपर्यंत या तीन-तीन मिनिटांचा पाऊण तास फरक साठतो. तेव्हा या हिशेबावर विसंबून कोणी खडकांवर खेळायला जाऊ नका. पण पेन्सिल न उचलता भरती ओळखायची म्हटली, तर याहून सोपी युक्ती सापडायची नाही.

हा हिशेब लक्षात ठेवा. थोड्या वेळाने आपल्याला तो फार गंभीर कामासाठी वापरायचा आहे.

पाणी थांबायचं कुठे?

आता एक छोटा प्रयोग. प्लास्टिकची एक जुनी बाटली घ्या. तळापासून दोन बोटं वर तिला एक भोक पाडा (मोठ्यांच्या मदतीने!). भोकावर बोट धरून बाटली पाण्याने भरा, रिकाम्या बादलीत उभी करा आणि बोट काढा. धार जोरात बाहेर पडेल. आता तीच बाटली पुन्हा भरा, पण अर्ध्याहून अधिक भरलेल्या बादलीत बुडवून धरा. बाटलीतलं पाणी थोडं खाली येईल आणि मग थांबेल. भोक तेवढंच आहे, बाटलीही तीच आहे, तरी पाणी बाहेर पडत नाही. कारण बाहेरच्या पाण्याची पातळी आतल्या पातळीएवढी झाली!

बाटली म्हणजे मिठी नदी आणि बादली म्हणजे अरबी समुद्र. भरतीच्या वेळी समुद्र नदीच्या तोंडाशी दाराला पाठ लावून उभा राहतो. त्या दोन-तीन तासांत डोंगरावरून कितीही पाणी येवो, त्याला पटकन बाहेर जाता येत नाही. ते थांबतं. ओहोटी लागली की निघून जातं.

मग तोवर थांबायचं कुठे?

दुसरा प्रयोग करा. एक लिटर पाणी एका उंच, अरुंद बरणीत ओता. बरणी काठोकाठ भरेल. तेच पाणी आईच्या मोठ्या परातीत ओता. तळाशी पसरून बसेल, बोटाचं पेरसुद्धा बुडणार नाही. पाणी तेवढंच, पण पसरायला जागा मिळाली की त्याची उंची कमी होते.

मिठी नदीपाशी अशी एक प्रचंड परात होती. माहीमच्या खाडीभोवती पसरलेली दलदल आणि त्यात वाढलेली तिवरांची, कांदळांची झाडं. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात, श्वास घेण्यासाठी. भरती आली की हे सगळं पाण्याखाली जाई, ओहोटीला पुन्हा उघडं पडे. तिथे चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या असत, चिंबोऱ्या असत, बगळे आणि तुतारी पक्षी असत. धारावीचा कोळीवाडा याच खाडीच्या मासळीवर जगत होता. तिथे माणसाला राहता येत नसे, म्हणून ती जागा 'फुकट पडलेली' वाटायची. पण ती रिकामी नव्हतीच. पाण्याची ती राखीव जागा होती.

नदीची जागा कोणी घेतली?

एके काळी मुंबई आणि साष्टी ही वेगवेगळी बेटं होती आणि त्यांच्या मधून माहीमची खाडी वाहत होती. धारावीत १७३७ साली बांधलेला एक छोटा किल्ला आजही आहे. खाडीवर पहारा ठेवण्यासाठी तो बांधला होता. त्याला काळा किल्ला म्हणतात. आज तो घरांच्या गर्दीत शोधावा लागतो, आणि कित्येकांना 'काळा किल्ला' हे फक्त बसडेपोचं नाव वाटतं!

तेव्हा माहीमहून वांद्र्याला जायचं, तर होडीशिवाय गत्यंतर नव्हतं. पावसाळ्यात होड्या उलटत, माणसं बुडत. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी स्वतःजवळचे दीड लाखाहून अधिक रुपये दिले, आणि १८४५ साली माहीमचा कॉजवे झाला. त्यांची अट एकच होती, लोकांकडून टोल घ्यायचा नाही. केवढं मोठं काम ते! लोकांची मोठीच सोय झाली. पण त्या बांधामुळे खाडीचं तोंड मात्र अरुंद झालं.

पुढे असंच होत गेलं. प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी गरजेचीच होती. रेल्वेचे पूल झाले. विमानतळ वाढला, तेव्हा नदीला धावपट्टीखालून, काटकोनात वळणं घेत जावं लागलं. दलदलीत भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुलाच्या चकचकीत इमारती उभ्या राहिल्या. ज्यांना शहरात दुसरीकडे घर परवडत नव्हतं, त्यांनी काठावर झोपड्या बांधल्या. भंगाराचे कारखाने आले, गुरांचे गोठे आले. सांडपाणी, शेण, तेलाचे पिंप धुतलेलं पाणी, प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं नदीत. गाळ साठून पात्र उथळ झालं, भरावामुळे ते अरुंदही झालं.

म्हणजे काय झालं? परात गेली आणि बरणी उरली.

पाचाची पाऊणपट

२६ जुलै २००५. मंगळवार होता. तुमचा तेव्हा जन्मही झाला नसेल, पण तुमच्या आई-बाबांना तो दिवस नक्की आठवत असेल. दुपारपासून मुंबईच्या उपनगरांवर पाऊस अक्षरशः कोसळू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. गंमत म्हणजे, त्याच वेळात दक्षिणेला कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला होता!

९४४ मिलिमीटर म्हणजे किती? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. तुमच्या शाळेचं मैदान ५० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद धरा. क्षेत्रफळ दोन हजार चौरस मीटर. त्याला ९४४ ने गुणा. १८ लाख ८८ हजार लिटर! दहा हजार लिटरचे जवळजवळ १९० टँकर एका मैदानावर ओतल्यासारखं. मुंबईची जुनी गटारं तर तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून न्यावा, आणि तोही ओहोटी असताना, अशा बेताने बांधलेली होती. त्या दुपारी एका तासात शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला.

आता आपला हिशेब आठवा. त्या वर्षी गुरुपौर्णिमा २१ जुलैला होती. पुढचे दिवस बोटांवर मोजा. बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस, सव्वीस. पाच. पाचाची पाऊणपट किती? पावणेचार.

खरोखरच त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास भरती होती. उधाण ओसरू लागलं होतं, तरी पाणी जवळजवळ साडेचार मीटर चढलं. पाऊस सर्वांत जोरात पडत होता, विहार-पवईकडून लोंढा येत होता आणि नेमकं त्याच वेळी समुद्राने दार लावून घेतलं. पाण्याला बाहेर जायला वाट नाही आणि थांबायला परातही नाही. मग ते शिरलं कुर्ल्यात, कलिन्यात, साकीनाक्याला, धारावीत. तळमजले बुडाले. विमानतळ बंद पडला. लोकल थांबल्या. हजारो मुलं रात्रभर शाळेतच राहिली. त्या पुरात आणि कोसळलेल्या दरडींखाली एकट्या मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली.

त्याच रात्री अनोळखी लोकांनी एकमेकांना घरात घेतलं, खिचडी रांधून वाटली, दोरखंड धरून माणसांना पाण्यातून बाहेर काढलं. हेही मोठ्यांकडून ऐका. तेसुद्धा तितकंच खरं आहे.

त्यानंतर काय झालं?

नंतर सरकारने नामवंत जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २००६ साली आला. मिठीसाठी खास प्राधिकरण स्थापन झालं. नदीतला गाळ आणि खडक काढून पात्र अनेक ठिकाणी रुंद आणि खोल केलं गेलं. काठावरच्या कित्येक कुटुंबांना दुसरीकडे घरं दिली गेली. भरतीच्या वेळी पाणी उचलून समुद्रात टाकण्यासाठी हाजी अली, इर्ला अशा ठिकाणी पंपिंग स्टेशनं झाली. २००५ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड थांबवण्याचा आदेश दिला. २०२० मध्ये 'आयफ्लोज' नावाची पूर-इशारा यंत्रणा सुरू झाली. तिच्यात पाऊस किती पडेल आणि भरती केव्हा येईल, हे दोन्ही एकत्र धरून पूर कुठे येऊ शकेल ते काढतात. म्हणजे आपल्या कोळी आजोबांची पाऊणकी आता संगणकात जाऊन बसली म्हणायची!

हे सगळं चांगलंच आहे. पण बरणी थोडी रुंद केली म्हणून ती परात होत नाही. गाळ दर वर्षी नव्याने साठतो. काठाला सिमेंटची भिंत बांधली की पाणी भिंतीआड राहतं खरं, पण त्याला पसरायला जागा मिळत नाही. जी तिवरं उरली आहेत, ती जपणं म्हणूनच सगळ्यांत महत्त्वाचं.

आणि हे जमतं बरं का! धारावीला मिठीच्या काठी 'महाराष्ट्र निसर्ग उद्यान' आहे. एकदा शाळेतून सहल काढून जा. पूर्वी तिथे शहराचा कचरा टाकत. कचऱ्याच्या त्या डोंगरावर माती टाकून झाडं लावली गेली आणि १९९४ पासून तिथे सुमारे ३७ एकरांचं हिरवंगार रान लोकांसाठी खुलं आहे. फुलपाखरं आहेत, पक्षी आहेत आणि बाजूला तिवरं आहेत. माणसाने बिघडवलेली जागा माणसालाच सुधारता येते, याचा हा चालता-बोलता पुरावा.

आई-बाबांसाठी दोन शब्द

महापालिका दर वर्षी पावसाळ्याआधी मोठ्या भरतींच्या तारखा आणि वेळा जाहीर करते. वर्तमानपत्रांत त्या छापून येतात. तो तक्ता कापून फ्रिजवर किंवा कॅलेंडरशेजारी लावा. मुलांना लाल पेनाने त्या तारखांवर खुणा करू द्या. जोरदार पावसाचा इशारा आणि मोठी भरती एकाच दिवशी असली, तर मुलांना शाळेतून कोण आणणार, शाळेतच थांबावं लागलं तर निरोप कसा मिळणार, हे सकाळीच ठरवा. तुंबलेल्या पाण्यातून घाईने घर गाठण्यापेक्षा उंच जागी थांबणं केव्हाही बरं. ओहोटी येतेच. फक्त सहा तास धीर धरायचा.

या आठवड्याचं काम

१. घरातल्या कॅलेंडरवर आजची तिथी बघा. पाऊणकी वापरून मुंबईची भरती किती वाजता ते काढा. मग खऱ्या कोष्टकाशी ताडून पाहा. किती मिनिटांचा फरक आला? सलग सात दिवस हे करा आणि वहीत मांडा.

२. तुमच्या अंगणात पडलेला पाऊस शेवटी कुठे जातो? कुठल्या गटारातून, कुठल्या ओढ्यात, कुठल्या नदीत? त्याचा साधा नकाशा काढा. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, पणजी, तुम्ही कुठेही असा. वाटेत पाण्याला थांबायला जागा (तळं, शेत, मैदान, दलदल) कुठे कुठे आहे, तिथे हिरवा रंग द्या. जिथे ती बुजवली आहे असं मोठी माणसं सांगतील, तिथे लाल.

३. आणि हे कोडं. एका षष्ठीला मुंबईत सकाळी अकरा वाजता मुसळधार पाऊस सुरू झाला. मिठीच्या काठी राहणाऱ्या तुमच्या मित्राने काळजी करावी, की पाणी निघून जाईल म्हणून निश्चिंत असावं? कारणासह लिहा. उत्तर पुढच्या अंकात!